पूजेतला पाना

हंबीरराव जीपखाली पाठीवर पसरला की त्याचे फक्त पाय बाहेर दिसायचे, आणि नवऱ्याचा तेवढाच भाग मनुबाईला बरा वाटायचा. बाकीचं ध्यान पत्र्याखाली झाकलेलं असायचं. तोंड झाकलं तरी बंद व्हायचं नाही, हा भाग वेगळा.

"दाब. दाब. दाब. धर."

ती वर चालकाच्या जागेवर, लुगड्याचा काष्टा सावरून, ब्रेकच्या पायडलावर उजवा पाय ठेवून बसलेली. धर म्हटलं की पाय रोवून धरायचा. मग तो खाली चाकामागचं बोटभर निपल पान्यानं सैल करायचा, जुनं तेल रबरी नळीतून बाटलीत पिचकारी मारायचं, तिच्या पायाखालचं पायडल तळाला जायचं. तिनं पाय तसाच दाबून ठेवायचा. त्यानं निपल आवळलं की "सोड" म्हणायचा, मग सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि तेलात हवा शिरली की ब्रेक मेला. पायडल दाबावं तर नुसती हवाच दबते, चाकाला काही कळत नाही.

हे सगळं मनुबाईला कुणी शिकवलं नव्हतं. दरवर्षी पाऊस सरला की जीपचं तेल बदलायचं आणि दरवर्षी पायडलावर हीच. गावात दुसरं कुणी त्याच्या हाताखाली टिकत नव्हतं. एरवी नवराबायकोचं बोलणं म्हणजे भाकरी वाढ आणि पाणी तापव. जीपपाशी मात्र दाब, धर, सोड एवढी तीन शब्दांची भर पडायची. मनुबाई म्हणायची, संसार बरा चाललाय.

आणीबाणी उठली त्या सालची खंडेनवमी होती. जीप लष्कराच्या लिलावातली. हंबीररावानं तिचा हिरवा रंग खरवडून निळा दिला होता आणि पुढच्या काचेवर नाव काढलं होतं, 'जय जवान'. पेन्शनीत आल्यापासून तो गावाला सांगत आला होता की सरहद्दीवर बर्फात रणगाडे उघडून आपण दुरुस्त केलेत, साहेब लोक पाठ थोपटायचे. गाव ऐकायचं. मनुबाईला मात्र खरं ठाऊक होतं. त्याच्याच पलटणीतला केरबा एकदा जेवायला आला होता, आणि दुसऱ्या भाकरीला सहज बोलून गेला की हंबीर सगळी नोकरी स्टोअरात होता, नट आणि वायसर मोजून द्यायचा. मनुबाईनं त्याला तिसरी भाकरी तूप लावून वाढली. ही गोष्ट तिनं नवऱ्याला कधी ऐकवली नाही. मिशीला पीळ भरताना त्याच्याकडे बघायची तेवढी एक करमणूक घरात होती, ती कशाला घालवा.

मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं डावं निम्मं झालं असेल, तेव्हा तिच्या पायाखाली काहीतरी बदललं. पायडल एकाएकी हलकं झालं. पाय ठेवला की आपसूक खाली.

"आवं," ती वाकून म्हणाली, "हे पोकळ झालं. वरची डबी बघा. तेल संपलं आसंल."

तेलाची डबी पायांखालच्या फळीत असते, झाकण काढून मधेमधे भरावी लागते. रिकामी झाली की वरून हवा ओढते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. हंबीररावानं सकाळपासून झाकण उघडलं नव्हतं. किती तेल मावतं ते आपल्याला पाठ आहे, म्हणाला होता.

"तुझ्या पायात जीव न्हाई," खालून आवाज आला. "नवं तेल हाय. बसाय येळ लागतो त्येला."

"तेल काय पाव्हणा हाय व्हय, बसायला?"

यावर तो बाहेर आला. डबी उघडली. ती कोरडी ठाक होती. हंबीररावानं तिच्यात डब्यातलं तेल ओतलं, झाकण लावलं आणि हात पुसत म्हणाला, "बघ, भरली. झालं."

"झालं कसं? हवा गेली की आत. चारी चाकांचं तेल पयल्यापासनं काढाय पायजे."

"मला शिकवतीस?" तो म्हणाला. मग स्वतः वर बसून पायडल दोनतीनदा हाणलं. तिसऱ्यांदा ते जरा वर आलं, घट्ट लागलं. "हे बघ. दोनदा हाणलं की तिसऱ्यांदा लागतंय. मिलिट्रीत आशाच गाड्या चालवल्या."

मिलिट्रीत यानं कुठली गाडी चालवली असेल तर ती वायसरांची हातगाडी, हे मनुबाईच्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात पूजेची घाई झाली. पाव्हणे यायची वेळ होत आली होती. हंबीररावानं पाना, जॅक, पक्कड रॉकेलनं धुऊन पुसली आणि आत देवापुढच्या पाटावर नेऊन मांडली. तिथं खुरपी, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आधीच ओळीनं होते. हळदीकुंकू लागलं, झेंडूची फुलं पडली. एकदा हत्यार पूजेला लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ते उचलायचं नाही. म्हणून तर मनुबाईनं कांदे आणि मटण पहाटेच चिरून ठेवलं होतं. विळीसुद्धा देवापुढं.

जीपलाही हार पडला. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला.

पाव्हणे तासगावचे. नाथाजी द्राक्षबागेचा मालक, आणि त्याची बायको रंगुबाई. त्यांचा थोरला कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होता. पोरगा चांगला, निर्व्यसनी, आणि हंबीररावाच्या शालनला त्यानं आधीच पसंत केलं होतं. आज आईबापांनी घरदार बघायचं, उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. मनुबाईला हे स्थळ मनापासून हवं होतं. शालन अकरावी झालेली, हुशार. या घरात बापाच्या बढाया ऐकत ती म्हातारी होऊ नये, एवढंच मनुबाईचं देवाकडं मागणं होतं.

पाव्हण्यांबद्दल मात्र तिचं मत बसल्या जागी झालं. नाथाजी बाग, बेदाणा आणि परत बाग याच्या बाहेर बोलत नव्हता. रंगुबाई पदर नाकाला लावून घराचे वासे मोजत होती. पाणी दिलं तर तांब्या उलटा करून तळ बघितला. मनुबाई मनात म्हणाली, बघ बाई, बघ, तळाला कल्हई हाय का बघ. पण तोंडावर हसू ठेवलं. लेक द्यायची म्हटल्यावर तांब्याच काय, आपलंही तोंड उलटंसुलटं करून दाखवावं लागतं.

चहा झाला आणि हंबीररावानं मिशीवरून हात फिरवला. मनुबाईनं उचललेल्या कपबशा परत खाली ठेवल्या. हा हात मिशीवर गेला की काहीतरी अवदसा आठवलेली असायची.

"पाव्हणं, जेवण मागनं. आधी देव करून येऊ. आमचा सिद्धोबा डोंगरावर हाय. बैलगाडी जात न्हाई तितं माझी जीप जाती."

"आता? सण सोडून?" नाथाजी म्हणाला.

"आजच तर जायाचं. पूजा झाली, पयली फेरी देवाला. शालन, तूबी चल. वैनीस्नी देऊळ दाखीव."

सिद्धोबाची वाट साऱ्या तालुक्याला माहीत होती. चढताना काही नाही. उतरताना मात्र शेवटच्या वळणावर जुनी दगडाची खाण, कठडा नाही, आणि वळणाच्या आधी पायडलावर उभंच राहावं लागतं. हातब्रेक तर जीपला शोभेपुरता होता.

मनुबाईनं त्याला चुलीपाशी बोलावून घेतलं. भांड्यांच्या आवाजात हळू म्हणाली, "आवं, त्यात हवा हाय. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. पुरगी बसतीया त्यात."

"दोनदा हाणलं की लागतंय, सांगितलं न्हवं?"

"वळणावर दोनदा हाणाय येळ कोन देणार? मग पाना घ्या, धा मिनटं थांबवते मी त्यास्नी. चारी चाकांचं तेल काढू."

"पूजेतला पाना उचलू?" त्यानं डोळे मोठे केले. "घरात घट बसल्यात. अक्कल हाय का तुला?"

जीप पूजली तरी पळवायची, पाना पूजला की हलवायचा नाही, असा त्याचा शास्त्रार्थ. मनुबाईला त्याची किळस आली. माणूस देवाला भीत असता तर तिनं मान दिला असता. हा भीत होता तो नाथाजीला. ब्रेक अर्धवट राहिलेत, एवढं एक वाक्य त्या बागवाल्यापुढं बोलायचं होतं. त्यापायी हा पोटच्या पोरीला खाणीच्या काठानं खाली आणायला निघाला होता.

"आन पाव्हण्यांम्होरं तोंड उघडलंस," जाताजाता तो म्हणाला, "तर सोयरीक तू मोडलीस, ध्यानात ठेव."

तिनं तोंड उघडलंच. अंगणात जाऊन सरळ नाथाजीला म्हणाली, "दाजी, गाडीचं ब्रेक ऱ्हायल्यात. आज नगा जाऊ. उद्या सकाळी जावा."

नाथाजी हंबीररावाकडं बघून हसला. "आमच्या घरातबी आसंच. मी पंपाला हात लावला तरी हिला स्फोट दिसतो."

रंगुबाई हसली नाही, पण चढून पुढं बसली. हंबीरराव तर पोट धरून हसला. "बर्फात गाड्या चालवल्या, पाव्हणं, आन ह्या मला ब्रेक शिकवत्यात."

शालन मागं बसली होती. नवं जांभळं लुगडं, डोईत शेवंती. मनुबाई तिच्यापाशी गेली. "उतर शालन."

"आये, काय हे?" पोरगी दात आवळून पुटपुटली. "सगळ्यांसमोर? आबांना येतंय की चालवाय."

मनुबाईनं जीपची कड सोडली. तिला वाटलं, ही लेक गेली तर त्या दोन शहाण्यांच्या हसण्यापायी जाईल. आणि मग हंबीरराव वाचला तर सांगत फिरेल, दगड आडवा आला.

ती घरात गेली. देवापुढं घटातला दिवा तेवत होता. तिनं पाटावरचा पाना उचलला. हळदीकुंकवाची बोटं त्याला तशीच होती, झेंडूचं फूल खाली पडलं. देवाला हात जोडायला ती थांबली नाही. त्याच्याशी नंतर बघू, म्हणाली.

बाहेर हंबीरराव चालकाच्या जागेवर बसून पाव्हण्याला ब्रेक दाखवत होता. हाण, हाण, हाण. "बघा, दगड हाय दगड," म्हणत पाय रोवून बसलेला. मनुबाई पुढच्या उजव्या चाकापाशी आली, सणाच्या लुगड्यानिशी मातीत आडवी झाली, हात आत घातला आणि निपलाला पाना लावला. कधी हातानं केलं नव्हतं, पण वर बसून इतकी वर्षं ऐकलं होतं. एक झटका दिला.

तेल फसकन उडालं, तिच्या मनगटावर, चोळीवर, मातीत. वर हंबीररावाचा पाय तळाला आपटला. आणि त्या तेलात काय होतं ते मनुबाईनं डोळ्यांनी बघितलं. नुसता फेस. निम्मं तेल आणि निम्मी हवा, बुडबुड करत बाहेर पडली. पण बघणारी ती एकटीच, चाकाखाली. बाकीच्यांनी बघितलं ते एवढंच, की बाईनं पूजेतलं हत्यार उचललं आणि चांगली उभी गाडी बिघडवली.

"ब्रेक फोडलं हिनं," हंबीरराव ओरडला. त्याला बोलायला बरं झालं. "धडधाकट ब्रेक फोडलं. बगा पाव्हणं, समद्यांनी बगा."

"पूजेतला पाना घेतला," रंगुबाई खाली उतरत म्हणाली. तिला जीपचं काहीच नव्हतं. "घट बसल्यात, आन ह्यांनी हत्यार उचललं. काय घर म्हणायचं हे."

मनुबाई उठून उभी राहिली. "फेस होता," ती म्हणाली. "तेलात फेस होता. मातीत बगा." मातीनं तोवर सगळं पिऊन टाकलं होतं. ओला काळा डाग राहिला होता. नाथाजी त्याच्याकडं वाकून बघितल्यासारखं करून म्हणाला, "तेलच दिसतंय."

एवढा विटाळ झाला तरी पाव्हणे जेवल्याशिवाय हलले नाहीत. रंगुबाईनं रस्सा दोनदा मागून घेतला, नळी फोडून खाल्ली, हात धुतले आणि मग म्हणाली की सुपारीचं कळवू. तासगावच्या एसटीत ती दोघं बसली तेव्हाच गावाला कळलं की ते काही कळवणार नाहीत. मनुबाई त्यांना सोडायला फाट्यापर्यंतही गेली नाही. असल्या घरात लेक द्यायची राहिली याचं दुःख करावं की पेढे वाटावेत, हे तिला ठरवता येईना. पण पोरगा चांगला होता, हे तिला राहून राहून आठवत होतं.

शालन आतल्या खोलीत गेली. शेवंती काढून तिनं कोनाड्यात ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मनुबाई उशाशी जाऊन बसली, तर म्हणाली, "आबा म्हणाले, ब्रेक चांगलं हुतं."

"हवा हुती, पोरी."

"तूच म्हणतीस." एवढंच. मनुबाईला हे सगळ्यात लागलं. नवऱ्यानं खोटं पाडणं अंगवळणी पडलं होतं. पाव्हण्यांचं तर तिला काही वाटत नव्हतं. पण जिच्यासाठी देवापुढचा पाना उचलला, तिच्या नजरेत आपण संसारात बिब्बा घालणारी बाई. हे गिळता येईना. आणि पुरावा होता तो तिनं आपल्याच हातानं मातीत सांडला होता.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उठली. पाना परत हातात घ्यायला मोकळा झाला. हंबीररावाला घाई होती, कारण दुपारी सोसायटीच्या चेअरमनला कवठे महांकाळला न्यायचं त्यानं कबूल केलं होतं, आणि चेअरमन म्हणजे नाथाजीपेक्षा मोठा देव. शेजारच्या गुंडाला त्यानं पायडलावर बसवलं. गुंडा मोठा उत्साही. दाब म्हटलं की दाबायचा, धर म्हटलं की दाबायचा, आणि निपल उघडं असतानाच पाय उचलून विचारायचा, "आता काय करू, तात्या?"

बाटलीतली नळी घोटभर हवा पिऊन आत ओढायची. डबी दोनदा भरून झाली. तेलाचा डबा तळाला आला. मनुबाई ओट्यावर ज्वारी निवडत हे बघत होती. खाली पाय झाडले जात होते, शिव्या बाहेर येत होत्या. शेवटी हंबीरराव म्हणाला, "गुंडा, उतर. बस हो बाजूला." नळी झटकून परत बाटलीत घातली. मग, कुणाचं नाव न घेता, "ये गं."

मनुबाईनं सूप बाजूला ठेवलं. काष्टा सावरला. जीपमधे चढून बसली आणि दोन्ही पाय सीटवर घेतले.

"दाब," खालून आलं.

लुगड्यावरचे ज्वारीचे दाणे तिनं झटकले.

"दाब म्हणतो न्हवं. ऐकू येत न्हाई?"

"काल हवा हुती म्हणा."

पान्याचा आवाज थांबला. गुंडा ओट्याच्या कडेला टेकला होता, त्यानं विडी पेटवायची राहू दिली.

"काय?"

"ब्रेकात हवा हुती म्हणा. मग दाबते."

"मी उठून आलो तर..."

"या की. मग पायडल दाबाय कोन बसवताय? चेअरमनला बसवा."

जीपखालच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, ही त्याला सोय झाली असावी. हळू आवाज आला. "हुती."

"शालन चुलीपाशी हाय. तितवर गेलं न्हाई."

"हुती, हुती, हवा हुती. झालं समाधान?" हंबीरराव खेकसला, आणि खेकसण्यात आवाज एवढा चढला की गुंडालाही कळलं आणि शेजारच्या परड्यातल्या बाईलाही. "डबी कोरडी झाली हुती. चारी चाकांत हवा हुती. आता दाब."

शालन दारात आली. हाताला पीठ तसंच. आईकडं तिनं बघितलं नाही. ती जीपच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि बाहेर आलेल्या त्या दोन पायांकडं बघून म्हणाली, "आबा, मला मागं बसवलं तवा तुमाला ठावं हुतं?"

खालून नुसता पाना निपलावर घासल्याचा आवाज आला. रस्त्यानं पोरं सोन्यासाठी आपटा तोडायला ओरडत चालली होती.

"दाब," हंबीरराव म्हणाला. या वेळी आवाज बराच बारीक होता.

मनुबाईनं पाय पायडलावर ठेवला होता. तो तिनं काढून घेतला.

"पोरीनं काय तरी इचारलंय," ती म्हणाली.